वस्तीत शिकण्याचा वर्ग कसा सुरू करायचा आणि कसा टिकवायचा, नागपूरच्या अनुभवावरून सविस्तर

बरेच जण विचारतात की आमच्या वस्तीत काही बायांना लिहिता-वाचता येत नाही, काही पोरं शाळेत जात नाहीत, एखादा मुका-बहिरा मुलगा घरीच बसलेला असतो, ह्यांच्यासाठी आम्ही दोन-चार जणांनी काही करायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करायची. पैसा नाही, संस्था नाही, फक्त संध्याकाळचा एखादा तास आहे. तेवढ्यात पण खूप होतं, मी बघितलंय. म्हणून इथे सगळं एकत्र लिहितोय, लांबेल थोडं, पण ज्याला खरंच करायचंय त्याला उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. वर्ग आखताना जो माणूस सगळ्यात आधी वर्ग सोडून जाईल असं वाटतं ना, त्याला समोर ठेवून आखा. जिला रात्री स्वयंपाक करून यायचंय ती, ज्याला जिना चढता येत नाही तो, जिला चाळिशी लागलीय पण चष्मा नाही ती. ह्यांना जमलं तर बाकीच्यांना जमतंच. उलटं केलं, म्हणजे हुशार आणि मोकळ्या वेळेच्या माणसांना धरून वर्ग लावला, तर महिनाभरात ज्यांच्यासाठी सुरू केला तेच गायब होतात आणि आपण म्हणतो की लोकांनाच शिकायचं नाही. लोकांना शिकायचं असतं. अडतं ते वेळेवर, जागेवर, डोळ्यांवर, कागदपत्रांवर आणि लाजेवर.

गरज कुठे आहे ते आधी समजून घ्या

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३ टक्के होती, बायांची जवळपास ७६. नागपूर जिल्हा त्यात बराच वर, ८८ टक्क्यांच्या पुढे. हे आकडे बघून वाटतं की आपल्या शहरात आता कोण राहिलंय. पण जे राहिलेत ते सगळीकडे सारखे पसरलेले नाहीत ना, ते ठरावीक जागी गोळा झालेत. वीटभट्ट्या, बांधकामाच्या साइटवरच्या झोपड्या, कचरा वेचणारी घरं, कळमना मार्केटमध्ये मिरची निवडणाऱ्या बाया, एमआयडीसीत कंत्राटी कामावरचे मजूर. आणि साक्षर म्हणून मोजलेल्यांपैकी पण बरेच जण फक्त सही करतात, औषधाच्या पाकिटावर काय लिहिलंय ते त्यांना सांगता येत नाही.

कायद्याचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, पण तो ६ ते १४ वयासाठी. पंधरा वर्षांचा झाला की पोरगा त्या छत्रीच्या बाहेर. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जी शाश्वत विकासाची १७ ध्येयं ठरवली त्यातलं चौथं ध्येय म्हणजे सगळ्यांना सामावून घेणारं चांगलं शिक्षण आणि आयुष्यभर शिकायची संधी, मुदत २०३० ची. पण आपल्याकडे हे काही बाहेरून आलेलं नाही. जोतिबा आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्येच दिवसभर राबणाऱ्या माणसांसाठी रात्रीची शाळा काढली होती. माणूस दिवसा मोकळा नाही तर शाळा रात्री, इतकी साधी गोष्ट, आणि आजही तीच कामी येते.

पहिलं काम: फिरा, आणि नीट विचारा

किमान दोन आठवडे नुसतं फिरण्यात घालवा. अंगणवाडी सेविका, आशा ताई आणि बचत गटाच्या अध्यक्ष ह्या तिघींना भेटलात की अर्धी वस्ती कळते, कोणत्या घरात कोण आहे हे त्यांना तोंडपाठ असतं.

विचारायचं कसं ह्याला फार महत्त्व आहे. दारात उभं राहून "तुम्हाला लिहिता-वाचता येतं का" असं विचारलं की समोरचा माणूस एकतर खोटं सांगतो नाहीतर दार लावून घेतो. त्याऐवजी विचारा, दवाखान्याची चिठ्ठी घरात कोण वाचून देतं, लाइट बिल कोण बघतं, बँकेत स्लिप कोण भरून देतं. उत्तर येतं, "पोट्टा वाचून देते जी, तो नसला का मंग शेजारच्या ताईले दाखवतो." झालं, तुम्हाला कळलं. आणि तिथेच तिला शिकायचं कारण पण सापडलं, ते वहीत लिहून ठेवा, पुढे फार उपयोगी पडतं.

दुसरा प्रश्न न चुकता विचारायचा, "घरात अजून कोण कोण आहे?" पहिल्यांदा सांगताना अपंग मूल बरेचदा सुटतं. मुद्दाम लपवतात असं नाही, पण शिकण्याचा विषय निघाला की त्याचं नाव डोक्यातच येत नाही. दुसऱ्यांदा विचारलं की आतून कोणीतरी म्हणतं, "हो, एक आहे, पण त्याले समजत नाही." त्याला समजत नाही हे कोणी ठरवलं ते मात्र कोणालाच माहीत नसतं. त्याचं नाव सगळ्यात वर लिहा.

लाजेबद्दल थोडं बोलतो. "आता कायले शिकाचं जी, वय झालं माह्यं" हे वाक्य तुम्ही प्रत्येक गल्लीत ऐकणार. वाद घालू नका. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनाला आजीबाईंची शाळा सुरू झाली, गुलाबी साड्या नेसून पाठीवर दप्तर घेऊन आज्या जातात, त्याचे फोटो मोबाइलवर दाखवा. केरळच्या कार्त्यायनी अम्मांनी २०१८ मध्ये ९६ व्या वर्षी साक्षरतेची परीक्षा दिली आणि १०० पैकी ९८ मार्क मिळवले, ते सांगा. फोटो बघून जेवढा फरक पडतो तेवढा आपल्या भाषणाने पडत नाही.

जागा आणि वेळ

नागपुरात जागेची तशी अडचण नाही. प्रत्येक वस्तीत बुद्ध विहार, समाज मंदिर, समाजभवन काहीतरी असतंच, आणि संध्याकाळी वंदना झाली की विहार मोकळंच असतं. अंगणवाडीची खोली पण दुपारनंतर मिळू शकते. पण घेण्याआधी चार गोष्टी बघा: पायऱ्या किती, संडास आहे का आणि तो बायांना रात्री वापरता येईल असा आहे का, लाइट पुरेसा आहे का, आणि तिथे प्रत्येक समाजाच्या माणसाला यायला संकोच वाटणार नाही ना. शेवटचा मुद्दा नाजूक आहे. एखाद्या जागी काही घरं कधीच येणार नाहीत, मग जागा कितीही चांगली असली तरी सोडा आणि कोणाच्या तरी अंगणात बसा. वरच्या मजल्यावरचा हॉल फुकट मिळत असेल तरी घेऊ नका, गुडघे दुखणाऱ्या सगळ्या मावश्या आणि कुबड्या वापरणारा एखादा मुलगा तिथेच कटतो.

वेळ तुम्ही ठरवू नका, त्यांना ठरवू द्या. घरकाम करणाऱ्या बायांना दुपारी दोन ते चार बरं पडतं, सकाळची कामं उरकलेली आणि पोरं शाळेतून यायची असतात. हिंगणा एमआयडीसीतून येणाऱ्यांना रात्री आठ शिवाय जमत नाही. नळाची किंवा टँकरची वेळ आधी विचारून घ्या, पाणी आलं की वर्ग रिकामा होणार आणि ते बरोबरच आहे, पाणी आधी. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, त्या दोन महिन्यांत दुपारचा वर्ग बंदच ठेवा, सकाळी सातला किंवा सूर्य बुडाल्यावर घ्या. पोळा-तान्हा पोळा, गणपती, नवरात्र, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ईद, लग्नसराई, ह्या दिवसांत सुट्टी आधीच जाहीर करून टाका, म्हणजे कोणाची गैरहजेरी लागत नाही आणि कोणाला परत यायला ओशाळल्यासारखं होत नाही.

आणि हो, बायांसोबत लहान पोरं येणारच. त्यांच्यासाठी एका कोपऱ्यात चटई, खडू, चित्रांची चार पुस्तकं आणि एक अकरावी-बारावीची मुलगी बसवा. ही सोय नसेल तर तान्ह्या पोरांच्या आया तिसऱ्या दिवशी बंद.

शिकवायच्या आधी डोळे तपासा

ह्या मुद्द्यावर जरा थांबतो कारण हा कोणीच सांगत नाही. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं, सगळ्यांचंच होतं. आता जी बाई कधी वाचतच नाही तिला हे कळणार कसं? सुईत दोरा ओवताना त्रास होतो एवढंच. मग ती वर्गात येते, पुस्तकातली अक्षरं पुसट दिसतात, आणि तिला वाटतं की आपलं डोकंच चालत नाही. दोन दिवसांत म्हणते मले नाही जमत. तिच्या डोक्याला काहीही झालेलं नसतं, तिला चष्मा पाहिजे असतो.

म्हणून पहिल्या आठवड्यात सगळ्यांना एक छापील ओळ हातात धरायला द्या आणि फक्त बघा, कागद लांब नेतात का, डोळे बारीक करतात का. अक्षर ओळखायला सांगायचंच नाही, नुसतं ठिपके मोजायला सांगा, म्हणजे निरक्षर माणसाचं पण कळतं. जवळचे तयार चष्मे स्वस्तात मिळतात, पण एकदा मेयो नाहीतर मेडिकल ह्या नागपूरच्या सरकारी दवाखान्यांच्या ओपीडीत सगळ्यांना घेऊन गेलात तर मोतीबिंदू, शुगरमुळे झालेला त्रास असलं काही असेल तर ते पण तिथेच कळतं. एक काकू कळमन्यात मिरची निवडायला जायच्या, वर्गात आठवडाभर खाली मान घालून बसायच्या, चष्मा लावल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे इतकं बारीक बी लिहेल असते का?" त्यानंतर त्यांनी अक्षरं फार पटापट उचलली.

कानाचं पण तसंच. मागे उभं राहून हळू आवाजात नाव घ्या. जो वळत नाही त्याला पुढे बसवा, ओठ दिसतील असं.

मग पातळी बघा. त्यासाठी परीक्षा नको, एक कागद पुरे. प्रथम संस्था २००५ पासून असर ह्या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीत जी पद्धत वापरते तीच घ्या, आधी सुटी अक्षरं, मग शब्द, मग चार ओळींचा परिच्छेद, मग छोटी गोष्ट. जिथे अडतो तिथून सुरुवात. गणितात आकडे ओळखणं, मग वजाबाकी, मग भागाकार. माणशी पाचेक मिनिटं लागतात. ह्यावरून गट पाडायचे, वयावरून किंवा कितवीपर्यंत शिकला त्यावरून नाही. सातवीत शाळा सोडलेला मुलगा शब्दांवर अडकलेला सापडतो आणि शाळेत कधीच न गेलेली आजी दुकानांच्या पाट्या वाचून अर्धी अक्षरं शिकलेली असते.

पहिला महिना: नेमकं काय शिकवायचं

अ अननसाचा, आ आईचा असं सुरू करू नका. मोठ्या माणसाला पहिल्याच दिवशी काहीतरी वाचता आलं पाहिजे, खरोखरचं. ब्राझीलच्या पावलो फ्रेरे यांनी १९६३ मध्ये आंगिकोस गावात सुमारे ३०० मजुरांना ४० तासांत लिहा-वाचायला शिकवलं, ते असंच, त्यांच्याच कामातले आणि जगण्यातले शब्द घेऊन, त्यावर आधी बोलून आणि मग ते फोडून.

मराठीत काना-मात्रा नसलेल्या शब्दांनी सुरुवात सोपी जाते. मी हे चार घेतो: घर, नळ, वजन, गरम. पहिल्या दिवशी फक्त नळावर बोलायचं. पाणी कधी येतं, किती वेळ येतं, भांडण कोणाचं झालं, सगळं बोलू द्या, दहा मिनिटं गेली तरी चालतील. मग फळ्यावर मोठं नळ लिहा. न वेगळा, ळ वेगळा. चार शब्द झाले की हातात आठ अक्षरं येतात, घ, र, न, ळ, व, ज, ग, म. ती पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यांवर लिहून जमिनीवर पसरून द्या आणि म्हणा, जोडा आता. नजर, जवळ, गरज, नरम, मगर, वर, मन. आणि मग कोणीतरी न, ग, र लावतं. नगर! हा शब्द आला की वर्गाचा नूरच बदलतो, कारण आपल्या अर्ध्या वस्त्यांच्या नावात नगर आहे. घरी जाताना बाया पाट्यांकडे बघत जातात, पुढचं नाव वाचता येत नाही पण नगर ओळखतात.

मग काना. नाव, गाव, जागा, वारा, माळा, नवरा. नवरा लिहिताना जो हशा पिकतो त्यात लाज निघून जाते, ते होऊ द्या. आणि मग रामनगर. आपल्या बसच्या पाटीवरचं अख्खं नाव वाचलं, कोणाला न विचारता, हे फार मोठं आहे तिच्यासाठी. पुढे वेलांटी, उकार, मात्रा एकेक करून, प्रत्येक खुणेला आठवडा द्या, जोडाक्षरं दोन महिन्यांनी.

लिहिताना हात कापतो, बोटं ताठ झालेली असतात. पहिले काही दिवस वहीच नको. जमिनीवर खडूने मोठं लिहू द्या, मग पाटी, मग चार रेघी वही. पेन्सिल जाड घ्या.

गणितात मात्र शिकवायच्या आधी त्यांच्याकडून शिका. भाजी विकणारी मावशी पावशेराचा भाव तोंडी काढते, सुट्टे पैसे चुकत नाही. तिला विचारा कसं काढलं, आणि ती बोलते तसंच फळ्यावर मांडा. तिला हिशेब येतोच, फक्त तो कागदावर कसा दिसतो ते माहीत नाही. आकडे मराठी-इंग्रजी दोन्ही दाखवा पण आधी इंग्रजी आकडे घ्या, फोनवर, बसवर आणि दुकानाच्या बिलावर बहुतेक तेच असतात.

महिना संपता संपता बँकेच्या स्लिपची झेरॉक्स वाटा. एक संध्याकाळ फक्त तिच्यावर. तारीख कुठे, खाते नंबर कुठे, रक्कम आकड्यात कुठे आणि अक्षरी कुठे, सही कुठे. "दोन हजार" हे दोन शब्द सगळ्यांकडून लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी कोणीतरी बँकेत स्वतः स्लिप भरून येते आणि ते सांगायला वर्गात सगळ्यात आधी हजर असते.

भाषा

नागपुरात एका वर्गात चार भाषा सहज निघतात. हिंदी, छत्तीसगढी, गोंडी, मोमिनपुऱ्याच्या बाजूला उर्दू, आणि आपली वऱ्हाडी-नागपुरी तर आहेच. "मले" नाही "मला" म्हण असं टोकू नका, कधीच. बोली जशी आहे तशी बोलू द्या, लिहून पण घ्या, प्रमाण मराठी वाचताना आपोआप कळत जाते. हिंदी आणि मराठीची लिपी एकच, त्यामुळे छत्तीसगढहून आलेल्या बाईला त्याच वर्गात बसवता येतं, तिचे शब्द वेगळे घ्या, पानी, घर, नमक. २०२० चं नवं शैक्षणिक धोरण पण जमेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा असंच म्हणतं.

अपंग माणूस वर्गात आला की

घाबरू नका. त्याच्यासाठी वेगळा दिवस ठेवू नका, वेगळा कोपरा तर नाहीच. त्याच वर्गात, त्याच चटईवर.

अंध असेल तर ब्रेल शिकायला शाळा लागते, पण तोपर्यंत बोलण्यातून, हिशेबातून, गोष्टींतून त्याला सगळ्यात भाग घेता येतो, आणि अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतं, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी सोय, ते सुरू करून मराठी आवाज लावून द्या. कमी दिसणाऱ्याला जाड काळ्या मार्करने मोठं लिहून द्या, इतकं साधं आहे. बहिऱ्या मुलाला चित्र आणि शब्द जोडीने दाखवा, तुमच्या खुणा त्याच्या घरच्या खुणांवरून बनवा, त्याच्या बहिणीला विचारा, तिला सगळ्या माहीत असतात. मग त्या खुणा अख्ख्या वर्गाला शिकवा, म्हणजे तो सगळ्यांशी बोलतो, फक्त तुमच्याशी नाही. मतिमंद म्हणून घरी ठेवलेल्या मुलाला एका वेळी एकच गोष्ट, रोज तीच, लहान लहान तुकड्यांत. नोटा ओळखणं, स्वतःचं नाव, घरच्यांचा मोबाइल नंबर. ह्याला सहा महिने लागले तरी लागू द्या.

कागदांचं काम लगेच सुरू करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरली आहेत, आधी फक्त सात होती. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, म्हणजे बाकी मुलांपेक्षा चार वर्षं जास्त, आणि सरकारी मदत मिळणाऱ्या कॉलेजांत ५ टक्के जागा राखीव. ह्यासाठी यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र लागतं, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा आणि मग सरकारी दवाखान्यात तपासणी. रांगा लांब असतात, सोबत कोणीतरी जाणं गरजेचं आहे, मजुरी बुडवून गेलेली आई एका खेपेत काम झालं नाही तर दुसऱ्यांदा जात नाही. नागपुरात केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं संयुक्त क्षेत्रीय केंद्र, म्हणजे सीआरसी पण आहे, तपासणी आणि थेरपीसाठी तिथे विचारा. शाळेत घालायचं असेल तर समग्र शिक्षा ह्या सरकारी शालेय योजनेचे विशेष शिक्षक असतात, जवळच्या मनपा किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन त्यांची भेट मागा. ज्या मुलाला उठताच येत नाही त्याच्यासाठी घरी येऊन शिकवायची तरतूद पण आहे, पण मागितल्याशिवाय मिळत नाही.

शाळेबाहेरची पोरं

ही तुमच्या वर्गात ठेवायची नाहीत, शाळेत पोचवायची. तुमचा वर्ग त्यांच्यासाठी फक्त आधार. जन्माचा दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून पण नाही, हे शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलंय. अकरा वर्षांच्या मुलाला पहिलीत नाही तर वयाला साजेशा वर्गात घ्यायचं आणि मागे राहिलेलं शिकवायला वेगळं प्रशिक्षण द्यायचं, हे पण कायद्यातच आहे. मुख्याध्यापकांना भेटायला जाताना भांडायच्या तयारीने जाऊ नका, पण कलम ४ आणि कलम १४ ची प्रिंट खिशात असू द्या. वीटभट्टीवरच्या कुटुंबांची पोरं पावसाळ्यात गावी परत जातात, त्यांच्यासाठी शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या म्हणजे पुढच्या गावात शाळा पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही.

परीक्षा आणि सर्टिफिकेट

सही आली की काम झालं असं धरून बरेच वर्ग बंद पडतात. तिथे थांबू नका, कागद हातात आला की माणसाचं घरात वजन वाढतं. रस्ते असे आहेत.

अगदी सुरुवातीच्यांसाठी उल्लास, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम, २०२२ ते २०२७ असा आहे, वय १५ च्या वर. जवळच्या सरकारी शाळेत किंवा उल्लास ॲपवर नाव नोंदवा, तुम्ही पण स्वयंसेवक म्हणून नोंदवा. परीक्षा १५० मार्कांची, वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०, पास व्हायला ३३ टक्के. राज्यात २०२४ आणि २०२५ ला ती मार्चमध्ये झाली, म्हणजे दिवाळीनंतर तयारी सुरू केली तर बरोबर जमतं.

त्याच्या पुढे पाचवी-आठवीसाठी राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे. एनआयओएस, म्हणजे केंद्र सरकारच्या मुक्त विद्यालयात पण तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीचे ए, बी, सी असे टप्पे आहेत.

दहावीसाठी दोन वाटा. एक म्हणजे राज्य मंडळाचा फॉर्म नंबर १७, खाजगी विद्यार्थी म्हणून, पेपर तेच जे बाकी मुलांचे. शाळा सोडल्याचा दाखला लागतो, हरवला असेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र. ज्याने आठवी-नववीपर्यंत शिकून सोडलंय त्याला ही वाट बरी. दुसरी एनआयओएस. १४ वर्षं पूर्ण पाहिजेत, आधीच्या शिक्षणाचा दाखला नसला तरी स्वतः लिहून दिलेलं चालतं, पाच विषय पास करायचे, पाच वर्षांची मुदत आणि नऊ संधी, परीक्षा वर्षातून दोनदा, मराठी माध्यम आहे. बायांना, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना फीमध्ये सवलत. माझं मत स्पष्ट आहे, घर आणि काम सांभाळून शिकणाऱ्या बाईला एनआयओएसच द्या. एकेक विषय सोडवता येतो, ह्या वेळी मराठी आणि गृहविज्ञान, पुढच्या वेळी बाकीचे. एकदम सगळे पेपर देऊन दोन विषय राहिले की घरचे म्हणतात बस झालं आता, आणि तिथे शिक्षण संपतं. बारावी झाली की यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं विभागीय केंद्र नागपुरातच आहे, इग्नूचं पण.

दिव्यांग विद्यार्थी असेल तर लेखनिक, म्हणजे त्याच्यासाठी पेपर लिहिणारा, आणि जादा वेळ, तासाला किमान २० मिनिटं, ह्यासाठी अर्ज फॉर्म भरतानाच करा. हॉल तिकीट आल्यावर धावपळ केली तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

टिकवायचं कसं

एक हजेरीवही ठेवा, पण तिचा उपयोग एकच, कोण दोन दिवस आलं नाही ते बघायला. तिसऱ्या दिवशी घरी जा. रागवायला नाही, विचारायला. बहुतेक वेळा कारण खरं असतं, पोर आजारी, ओव्हरटाइम, नवऱ्याने नको म्हटलं. नवऱ्याशी बोलायला बाईच्या जागी तिच्या सासूला सोबत घ्या, ती एकदा बाजूने झाली की दार उघडतं.

वाचायला काहीतरी मिळत राहिलं पाहिजे, नाहीतर सहा महिन्यांत शिकलेलं पुसलं जातं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे इतके स्टॉल लागतात, वर्गाला एकदा तिथे घेऊन जा आणि प्रत्येकीला स्वतःच्या पैशाने एक पुस्तक निवडू द्या, पातळ का असेना. वस्तीत एका भिंतीवर काळा रंग देऊन भित्तीपत्र करा, रोज दोन बातम्या, एक टँकरची वेळ, एक कोणाच्या घरचं बारसं. आपलं नाव भिंतीवर आलं की सगळे वाचतात. मोबाइल पण शिकवा: ओटीपी कोणाला सांगायचा नाही, लिंक कधी दाबायची नाही, यूपीआयवर पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. फसवणुकीचे मेसेज स्वतः वाचता येणं ही आज साक्षरताच आहे.

आणि शिकवणारे त्याच वस्तीतून तयार करा. बांगलादेशात ब्रॅक ह्या संस्थेने १९८५ पासून एका खोलीच्या हजारो शाळा चालवल्या, शिक्षिका बहुतेक त्याच गावातल्या, थोडंफार शिकलेल्या बाया, त्यांना प्रशिक्षण देत देत पुढे नेलं. आपल्याकडे पण बारावी झालेली सून, कॉलेजला जाणारी मुलगी, रिटायर झालेले गुरुजी सापडतात. पहिल्या वर्षातून जी चांगली वाचायला लागली तिला दुसऱ्या वर्षी नव्या गटाची अक्षरं दाखवायला बसवा, आठवड्यातून दोन दिवस. ती तुमच्यापेक्षा चांगलं शिकवते कारण कुठे अडतं ते तिला नुकतंच माहीत झालेलं असतं. तिला चहापाण्याचे आणि प्रवासाचे पैसे द्या, बचत गटाशी बोलून महिन्याला थोडी रक्कम ठरवा, फुकट राबवू नका.

सुरुवात करायला जुलै चांगला, शाळा लागलेल्या असतात आणि ऊन उतरलेलं असतं. जूनमध्ये फिरून घ्या, चष्म्यांचं काम पहिल्याच आठवड्यात उरका, म्हणजे दिवाळीपर्यंत परिच्छेद वाचणारे सात-आठ जण तरी तयार होतात आणि मार्चच्या परीक्षेला बसतात. फॉर्म १७ च्या तारखा साधारण पावसाळ्यातच निघतात, त्यामुळे ज्यांना दहावी द्यायचीय त्यांचे शाळेचे दाखले शोधायला जूनमध्येच लागा, जुन्या शाळेतून दाखला काढायला दोन-तीन खेपा होतात.